साकु

उद्यमबागेतून फोन आला तेव्हा
मी वडगावात, दारात, पोराच्या सायकलची चेन चढवत होतो.
“ब्लोअर गरम होऊलाय. ये की लगेच.”
चेन लोंबती ठेवून
काळ्या हातानंच स्कूटर काढली.

फाउंड्रीत भट्टी पेटलेली. आत दीड टन लोखंड,
ना घट्ट ना पातळ, मधेच कुठंतरी.
वारा थांबला तर ते तिथंच बसणार,
मग आठवडाभर सगळ्यांनी छिन्न्या घेऊन
एका ढेकळाशी भांडायचं.
म्हणून ब्लोअर बंद करा असं कुणी म्हणत नव्हतं.
चालू ठेवा असंही कुणी म्हणत नव्हतं.

मोनाप्पा मेस्त्री शिकवायचे: हात ठेव आणि मोज.
दहापर्यंत टिकला तर जेवून ये.
पाचावर उचलावा लागला तर पाना काढ.
ते कन्नडात मोजायचे, मीही अजून तसाच मोजतो.
पट्ट्याकडच्या बेअरिंगवर तळवा ठेवला.
ओंदु, एरडु,
मूरु म्हणायच्या आत हात वर.

पट्टा दाबला. अंगठ्याला हवा तेवढाच नमला.
जाळीत वाळूची पूड होती, कावळ्याचं एक पीस होतं.
झाडून काढलं. आवाज थोडा मोकळा झाला,
ऊब जागची हलली नाही.
अँपिअर ठीक. डँपर जागेवर.
मग स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला, मूठ कानाला.

कोरडं बेअरिंग किरकिरतं,
खडे चावल्यासारखं बोलतं.
हे तसं बोलत नव्हतं.
तळ्याच्या काठच्या चिखलातून
म्हैस पाय उपसत निघावी,
तसं काहीतरी जड, ओलं,
घाई असूनही पुढं न जाणारं.

“ग्रीस कोण भरतंय?”
इराण्णा पुढं आला. हारुगेरीचा, एकोणीस वर्षांचा.
“नानु,” म्हणाला.
रोज दोनदा. सकाळी येताना, संध्याकाळी जाताना.
ऑगस्टात एक बेअरिंग जाम झालं
तेव्हा मालक सगळ्यांसमोर म्हणाले होते,
“ह्याच्याकडं कोण बघणार, तुझा बाप?”
त्या दिवसापासून
तो गन लावायचा आणि दाबायचा,
हात भरून येईपर्यंत दाबायचा.

मग जुनं ग्रीस जातंय कुठं?
खाली एक बूच असतं. चाचपलं, सापडेना.
खंडेनवमीला सगळ्या मशिनी रंगवलेल्या, हिरव्यागार.
बुचावरूनही ब्रश फिरला होता.
वर हळदीचं बोट,
आणि झेंडूची एक पाकळी
रंगातच वाळून बसलेली.

ब्लेडनं खरवडलं. पाना लावला. फिरेना.
हातोडीची एक टिचकी, मग दुसरी,
आणि बूच सुटलं.
चालत्या मशिनीतून ग्रीस उतरायला लागलं
शेवयांच्या साच्यातून उतरावं तसं,
काळं, करपल्या वासाचं, संपतच नव्हतं.
इराण्णा बादली धरून उभा.
ऑगस्टपासूनची एकेक सकाळ,
एकेक संध्याकाळ
त्याच्यासमोर खाली पडत होती.

अर्ध्या तासानं पाचापर्यंत मोजता आलं.
चहानंतर आठापर्यंत.

“एष्टु हाकबेकु, मेस्त्री?”
किती घालायचं, ते तक्त्यात असतं, ग्रॅममध्ये.
मी मुठीची पोकळी करून दाखवली,
तिचा तिसरा हिस्सा बोटानं भरला.
“एवढंच. आणि बूच काढून भरायचं.”
“उरलेली जागा?”
“ती तशीच सोडायची. साकु.”
तो शब्द त्याच्याच भाषेतला,
तरी त्यानं दोनदा म्हणून बघितला.

मालक आले. “काय झालं होतं?”
इराण्णा बादलीत बघत होता.
“रंग,” मी म्हटलं.
त्यांना कळलं नाही. मीही समजावलं नाही.
बिलावर लिहिलं: बूच मोकळं केलं, तीनशे रुपये.

निघताना वळून पाहिलं.
इराण्णा दुसऱ्या बेअरिंगखाली वाकलेला,
नखानं हिरवा रंग काढत होता.
एक तळवा वर, पोलादावर टेकलेला,
आणि ओठ हलत होते.